गळक्या घराचा खर्च कोणाचा?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेले घर पहिल्याच पावसात गळू लागले तर काय, हे ती म्हण सांगत नाही. बहुतेक लोक मग कपाळाला हात लावून दुसरा मिस्त्री आणतात, पुन्हा पैसे मोजतात आणि पहिल्या ठेकेदाराला जन्मभर शिव्या देतात. दुरुस्तीचे पैसे त्याच्याकडून वसूल करता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी कायद्याचा विद्यार्थी नाही. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ७३ कोणालाही समजण्याजोगे आहे. करार मोडल्याने स्वाभाविकपणे होणारे नुकसान मोडणाऱ्याने भरून द्यावे, हे त्याचे सार. खाली दिलेले एक उदाहरण तर जणू आपल्यासाठीच लिहिले आहे. 'अ' हा 'ब'चे घर विशिष्ट पद्धतीने दुरुस्त करण्याचे कबूल करून पैसे आगाऊ घेतो. दुरुस्ती करतो, पण ठरल्याप्रमाणे नाही. अशा वेळी ते काम करारानुसार करून घेण्याचा खर्च 'ब'ला 'अ'कडून वसूल करता येतो.

मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक मेख आहे. नुकसान आवरण्याचे जे उपाय हाताशी होते, तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. गळती दिसत असताना दोन पावसाळे स्वस्थ बसायचे आणि मग कुजलेल्या दारे-खिडक्यांसकट हिशेब पुढे करायचा, हे चालत नाही.

माझे वडील गवंडी आहेत. त्यांची तक्रार असते, "आम्हाला एकदा सांगायचं तरी!" पहिल्या ठेकेदाराला स्वतःच्या माणसांकडून दुरुस्ती स्वस्तात पडते; नवा येतो तो बाजारभावाने. इंग्लंडमधील 'पिअर्स अँड हाय विरुद्ध बॅक्स्टर' या १९९९ च्या खटल्यात हेच निघाले. करारात दोषदुरुस्तीची मुदत असूनही मालकांनी ठेकेदाराला त्या मुदतीत कळवले नव्हते. अपील न्यायालय म्हणाले, भरपाईचा हक्क बुडत नाही; पण ठेकेदाराला स्वतः दुरुस्ती करण्यास जेवढा खर्च आला असता, त्याहून जास्त मिळणार नाही. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, तरी त्यातला व्यवहार आपल्याही गल्लीतला आहे. म्हणून आधी लेखी कळवावे, वाजवी मुदत द्यावी, फोटो काढावेत, शक्य तर एखाद्या त्रयस्थ इंजिनिअरचा अहवाल घ्यावा. मगच फोडतोड करावी. साध्या फरशीच्या जागी ग्रॅनाइट बसवले तर वरचा खर्च अर्थातच आपला.

दुरुस्तीचा खर्च प्रत्येक वेळी मिळतोच असेही नाही. इंग्लंडमध्येच एका गृहस्थाने पोहण्याचा हौद साडेसात फूट खोल मागितला होता, झाला पावणेसात. पुन्हा बांधण्यास २१,५६० पौंड लागले असते. हौद वापरायला सुरक्षित होता, मालमत्तेची किंमतही घटली नव्हती. म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये २,५०० पौंडच कायम केले. मला हे अर्धेच पटते. खर्च अवास्तव होता खरा. पण पाऊण फूट कमी खणणाऱ्याला ते स्वस्तच पडले! गळक्या स्लॅबची गोष्ट वेगळी. तेथे दुरुस्तीवाचून राहताच येत नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांची वाट थोडी सोपी आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दोष कळवल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो; न केल्यास भरपाई.

आमच्याकडची घरे मात्र गवंड्याला अंगावर दिलेली, सगळा करार तोंडी. तोंडी करारही करारच. पण काय ठरले होते ते सिद्ध कसे करणार? उचल दिल्याची नोंद ज्या कागदावर करतो, त्यावरच स्लॅब किती इंचांचा आणि गिलाव्यात सिमेंट-वाळूचे प्रमाण किती, हे लिहून दोघांनी सही करावी. वडील म्हणतात, गवंड्यालाही ते बरेच; सिमेंट वाचवायला मालकानेच सांगितले असेल, तर तेही त्यात दिसते.