तयार साच्यातली काटापट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, उमरखेडच्या एका अडत्याला मोबाईलवर काटापट्टी हवी आहे. हळदीची पोती काट्यावर चढली की शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव टाकायचा. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी निघायला हवी. बीसीए झालेला एखादा पोरगा इंटरनेटवरून टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, उतरवून घेतो आणि संध्याकाळी स्क्रीन घेऊन हजर.

पहिला गैरसमज ठरलेला: ‘‘हे तर आयतं उचललंय!’’ उचललंयच, पण उजळ माथ्यानं. उदाहरणार्थ, बूटस्ट्रॅप हा साचा मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ट्विटरमध्ये असताना बनवला आणि ऑगस्ट 2011 मध्ये सगळ्यांना खुला केला. आज तो एमआयटी परवान्यावर मिळतो. धंद्यासाठीही फुकट वापरा, फक्त मूळ हक्कसूचना खोडू नका. विकतच्या थीमचे नियम मात्र वेगळे असतात, ते आधी वाचावेत.

दुसरा गैरसमज पोराचा स्वतःचा: आत्ता इंग्रजीत दाखवू, मराठी नंतर घालू. नमुना फसतो तो इथे. बूटस्ट्रॅपच्या बिलाच्या नमुना पानावर ‘फर्स्ट नेम’, ‘लास्ट नेम’, ‘झिप’ आणि डॉलरमधल्या किमती आहेत. आपल्याकडे वडिलांच्या नावाशिवाय माणूस ओळखायचा कसा? एका गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे निघतात. शीर्षकाच्या ओळीची उंची बूटस्ट्रॅपमध्ये अक्षराच्या 1.2 पट धरलेली असते. इंग्रजीला ती पुरते. ‘एकूण वजन (क्विंटलमध्ये)’ दोन ओळींत गेलं, की अनेक फॉन्टांत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला भिडू शकते. आकडे ‘एमआर-आयएन’ या मराठी मांडणीत घेतले तर ब्राउझर ते देवनागरीत, लाख-हजाराच्या स्वल्पविरामासह देतो. ही सोय आयती आहे, पण अडत्याला कोणते अंक चटकन वाचता येतात हे त्यालाच विचारायचं. म्हणून पहिल्या दिवसापासून खरी गावं, खरे भाव, लांबलचक नावं घालावीत.

तिसरा गैरसमज सगळ्यात महागात पडतो: स्क्रीन दिसली म्हणजे ॲप झालं. ‘जतन करा’ हे बटण नुसत्या टेम्प्लेटमध्ये काहीच जतन करत नाही. त्यामागे माहितीसाठा, पासवर्डची व्यवस्था, नेट गेलं तर काय करायचं याची सोय, हे सगळं उभारायचं बाकी असतं. ब्रिटन सरकारचा नमुना-पानं बनवायचा ‘प्रोटोटाइप किट’ तर स्पष्ट बजावतो, की प्रत्यक्ष सेवा यावर उभारू नका.

साचा एकदा घेतला की जन्माचा, हेही खरं नाही. फेसबुकनं 2016 मध्ये आणलेलं, ॲपचा तयार सांगाडा देणारं ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या कामांसाठी बाद झालं.

तेव्हा अडतेबुवा, पोराला शाबासकी जरूर द्या. पण पैशाचं बोलण्याआधी एक पट्टी भरा, पान बंद करून पुन्हा उघडा आणि ती शोधा.