झाकलेल्या उजेडाचा नकाशा

‘झेड कॅमेलिओन्टिस’ ही जोडतारका महाराष्ट्रातून कधीच दिसत नाही. इतकी दक्षिणेला आहे की आपल्या क्षितिजावर येतच नाही. दोन ताऱ्यांमधलं अंतर जेमतेम ५ लाख किलोमीटर. सगळं बिऱ्हाड आपल्या सूर्याच्या पोटात मावेल! एक पृथ्वीएवढा श्वेत बटू, दुसरा थंड, लाल तारा. लाल ताऱ्यातून ओघळणारा वायू बटूवर थेट पडत नाही. त्याच्याभोवती गरगरत तापलेली चकती बनवतो. आपल्याला मात्र दुर्बिणीतूनही दिसतो तो प्रकाशाचा एकच ठिपका.

मग चकतीचा नकाशा काढायचा कसा? काम लाल ताराच करतो. दर १०७ मिनिटांनी तो चकतीच्या पुढून सरकतो. आपण फक्त उजेड मोजत राहायचं, दर काही सेकंदांनी. त्याच्या कडेआड जेवढा भाग गेला, तेवढाच उजेड उतरतो. मिनिटभरात श्वेत बटू झाकला जातो आणि आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली येतो. थोड्या वेळाने आणखी एक पायरी: वायूची धार चकतीवर आदळते तो झगझगीत डाग लपला! बाहेर पडतानाही आधी बटू, मग डाग. लपवणारी कड आणि उघडणारी कड चकतीला वेगवेगळ्या दिशांनी छेदतात, म्हणून कुठे किती उजेड आहे हे उलगडू लागतं.

तरी एकाच आलेखात बसणारे नकाशे असंख्य निघतात. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कीथ हॉर्न यांनी वाट दाखवली: मोजमापांशी जुळणाऱ्या नकाशांपैकी सर्वांत गुळगुळीत तो निवडायचा, म्हणजे मोजमापं भाग पाडत नाहीत तोवर एकही वळी-सुरकुती पडू द्यायची नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

आणि हाती काय लागलं? झेड कॅमेलिओन्टिस मधूनच भडकते. भडकलेली असताना केंद्रापासून दूर जावं तसं तापमान सिद्धान्त सांगतो त्याच प्रमाणात उतरत जातं: अंतर सोळापट, तर तापमान आठवा हिस्सा. शांत असताना मात्र ही उतरण जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा वायू आत नीट वाहतच नसतो. पुढच्या भडक्यापर्यंत चकतीत साठत राहतो.