बालकांची दुपारची झोप केव्हा व कशी सुटते?



गेल्या काही महिन्यांत महिला भजनी मंडळाच्या बैठकीनंतर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्या कानी येत आहे. कुणाचा नातू साडेतीन वर्षांचा झाला आणि दुपारी झोपेनासा झाला. कुणाची मुलगी दुपारी दोन-अडीच तास गाढ झोपते, परंतु रात्री अकरापर्यंत तिचा डोळा लागत नाही. हा प्रश्न डॉक्टरांचा, देवळाचा नव्हे, असे आम्हांस प्रथम वाटले होते. पुढे एका मातेने संकोचाने जे सांगितले, त्यावरून या विषयावर चार शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे असे वाटू लागले. ती हकीकत ओघाने येईलच.

आपल्या लिंबायतमधील घरे कशी आहेत, हे आपणांस विदितच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधन्याला उतरलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचा संसार एका खोलीत उभा राहिला व आजही अनेकांचा तसाच चालतो. लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी असते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कर्ता पुरुष दुपारी झोपलेला असतो. त्याच खोलीत गृहिणी साड्यांना खडे चिकटविण्याचे वा धागे कापण्याचे काम करीत असते. आणि तिथेच एक तीन वर्षांचे मूल असते. ते झोपले तर बापाची झोप होते आणि आईचे काम उरकते. न झोपले तर दोन्ही बिघडतात. म्हणजे पुष्कळदा दुपारच्या झोपेची गरज मुलापेक्षा घरालाच अधिक असते. यात कुणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण ही गोष्ट मनाशी स्पष्ट असली की पुढचा विचार सोपा होतो.

आता मुलाच्या बाजूने पाहू. जागेपणी मेंदूत झोपेचा भार हळूहळू साठत जातो व झोपेत तो उतरतो. तान्ह्या बाळाचा हा भार दोन-तीन तासांत भरतो, म्हणून ते दिवसातून अनेक वेळा झोपते. वर्ष-दीड वर्षाचे होईतो बहुतेक मुले दुपारच्या एका झोपेवर येतात. पुढे मेंदू वाढत गेला की सकाळपासून रात्रीपर्यंतचा सारा भार पेलण्याची शक्ती येते आणि ती एक झोपही गळून पडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रिबेका स्पेन्सर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बालवाडीच्या ४० मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ दिला. एके दिवशी दुपारी त्यांना झोपू दिले, दुसऱ्या वेळी जागे ठेवले. ज्यांना दुपारी झोपण्याची सवय होती, ती मुले जागी राहिल्यावर बरेचसे विसरली, आणि रात्रीच्या झोपेनेही ती उणीव भरून निघाली नाही. ज्यांची झोप आपोआप सुटत आली होती, त्यांचे तितकेसे बिघडले नाही. पुढे २०२२ मध्ये स्पेन्सर व ट्रेसी रिगिन्स यांनी असा विचार मांडला की मेंदूतील स्मृती साठविणारा भाग परिपक्व होत जातो, तसतशी दुपारच्या झोपेची निकड संपते. म्हणजे झोप सुटणे ही खोड नसून वाढ आहे, आणि ती प्रत्येकाच्या मेंदूच्या गतीने होते.

म्हणूनच "किती वर्षांचे झाले की झोप सुटावी?" या प्रश्नाला एक आकडा सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात २ वर्षांच्या आत दुपारची झोप पूर्ण सोडणारी मुले शेकडा ३ पेक्षाही कमी निघाली, तर ५ वर्षांपर्यंत शेकडा ९४ मुलांनी ती सोडलेली होती. मधली तीन वर्षे हा सारा मोकळा पट्टा आहे. शेजारच्या घरातले मूल तिसऱ्या वर्षी झोपायचे थांबले म्हणून आपले मूल मागे पडले असे नव्हे, आणि आपले आधी थांबले म्हणून ते हट्टी ठरत नाही. चीनमधील बालवाड्यांत तर सर्वच मुलांना दुपारी निजविण्याचा परिपाठ आहे; तेव्हा यात सवयीचा व रीतीचाही वाटा आहेच. आपल्या चरकसंहितेनेही दिवसा झोपणे सामान्यतः निषिद्ध मानले आहे. उन्हाळ्याचे दिवस वगळता ही मुभा दिली ती बालकांना, वृद्धांना, अशक्तांना व श्रमाने थकलेल्यांना. रात्रभर लूमवर उभा राहिलेला बापही त्यात बसतो, असे आम्ही गमतीने म्हणतो.

झोप सुटते ती एका दिवसात नव्हे. काही आठवडे, कधी काही महिने, आज झोप तर उद्या जागरण असे चालते. मूल दुपारी तास-तासभर लोळते पण झोपत नाही. झोपलेच तर रात्री फार उशिरापर्यंत टक्क जागे राहते. आणि न झोपलेल्या दिवशीही संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी आनंदात असते. ही लक्षणे काही आठवडे सातत्याने दिसली तर झोप सुटू लागली असे समजावे. याउलट न झोपलेले मूल सायंआरतीच्या वेळी आईच्या खांद्यावर मान टाकते, क्षुल्लक कारणाने रडून आकांत करते, रिक्षात बसताच झोपी जाते, तर त्याला अजून त्या झोपेची गरज आहे. आरतीत आम्ही अशी मुले रोज पाहतो. घंटा-झांजांच्या गजरात झोपलेले मूल पाहून "किती भक्त आहे" असे कौतुक होते. खरे तर ते बिचारे थकलेले असते.

इथे हिशेब महत्त्वाचा आहे, आणि तोच पुष्कळ घरांत राहून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास व ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोप धरलेली आहे. समजा, साडेतीन वर्षांचे मूल रात्री साडेदहाला झोपते व सकाळी सातला उठते. ही झाली साडेआठ तासांची झोप. दुपारचे दोन तास मिळवले की साडेदहा, म्हणजे पुरेसे. आता दुपारची झोप सुटली आणि रात्रीची वेळ तीच राहिली तर मुलाच्या पदरी केवळ साडेआठ तास येतात. मूल चिडचिडे होते, अंगणवाडीत वा बालमंदिरात लक्ष देत नाही, आणि आपण म्हणतो, "शाळेत गेल्यापासून बिघडले." तेव्हा दुपारची झोप गेली की रात्रीची वेळ किमान दीड तास अलीकडे यावयास हवी, साडेदहाच्या जागी नऊ, जमल्यास साडेआठ.

हे लिहिणे सोपे, करणे कठीण, याची आम्हांस जाणीव आहे. दिवसपाळीचा बाप आठच्या सुमारास घरी येतो आणि त्याला मुलाशी खेळण्यास तोच एक तास मिळतो. तो तास हिरावून घ्या असे कोण सांगेल? आमचे सुचविणे इतकेच की टी.व्ही. व मोबाइल त्या तासातून बाहेर काढावेत, आणि जेवण बाप येण्यापूर्वी उरकावे, म्हणजे खेळून झाले की अंथरूण. ज्या मुलांची झोप अजून सुटलेली नाही, त्यांना जेवण होताच निजवावे व साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नये. पाच वाजता झोपलेले मूल दहाला झोपणार नाही, ही साधी गोष्ट आहे.

आता ती हकीकत. एका मातेने सांगितले की घरात रात्रपाळीची झोप मोडू नये म्हणून ती दुपारी मुलाला सर्दीचे औषध अर्धा चमचा देत असे. त्याने मूल दोन तास शांत पडते, असे तिला शेजारणीने सांगितले होते. या मातेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. हा मार्ग नवाही नाही. मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या त्या काळी कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या अहवालात नोंदविले की अशा स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जात होती. त्या आयांचे मुलांवर प्रेम नव्हते काय? होते. मूल सांभाळायला कुणी नव्हते आणि गिरणीचा भोंगा थांबत नव्हता. अफूने मूल सुस्त पडे, दूध कमी पिई, खंगत जाई. (घरोघरी उगाळली जाणारी बाळगुटी ही निराळी; तिचा व बाळगोळीचा घोटाळा करू नये. परंतु त्या गुटीतले जायफळ झोपेसाठी वाढवून देणेही घातकच.)

सर्दीच्या औषधाने येते ती सुस्ती; ती मेंदूच्या वाढीला उपयोगी पडणारी झोप नव्हे. काही मुलांत ही औषधे श्वास मंद करतात, तर काही मुले उलट अधिकच चेकाळतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन ही सर्दीच्या औषधात सर्रास आढळणारी जोडी ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचे आदेश दिले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळविले की २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व ५ वर्षांखालीही ती सामान्यतः देण्यासारखी नाहीत. आजारपणासाठी जे औषध डॉक्टर इतके जपून देतात, ते निरोगी मुलाला झोपविण्यासाठी कदापि देऊ नये, ही आमची सर्व मातांना व आजींना कळकळीची विनंती आहे. मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल, किंवा पाच वर्षांनंतरही रात्री पुरेसे झोपून दिवसभर पेंगत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

ज्याची झोप खरोखरच सुटली आहे, त्या मुलाला डोळे मिटून पडून राहा असा धाक दाखवू नये. त्याला पाटी, खडू, भांडी-कुंडी, कापडाच्या चिंध्या द्याव्यात आणि "आता तासभर हळू बोलायचे" एवढाच नियम ठेवावा. पण जिथे खोलीच एक आहे तिथे हेही पुरे पडत नाही. याच कारणास्तव हा विषय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत घेण्यात आला. मंदिर म्हणजे बालवाडी नव्हे, असे मत काही ज्येष्ठ सभासदांनी मांडले, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दीड तास चर्चा होऊन शेवटी पुढील गोष्टी ठरल्या.

दुपारी १ ते ३.३० या वेळेत मंदिरावरील भोंगे बंद राहतील; भजनी मंडळाने याच वेळेत सराव केल्यास तो आत, बिनभोंग्याचा करावा. सभागृहाच्या मागील बाजूस दुपारी दीड ते साडेतीन सतरंजी अंथरलेली असेल. ज्या घरी रात्रपाळीचा माणूस झोपलेला आहे, तेथील न झोपणाऱ्या मुलांना घेऊन आजीने, आईने वा घरातील कोणाही मोठ्या माणसाने तेथे बसावे. मूल एकटे सोडून जाता येणार नाही, कारण सेवेकरी त्या वेळी प्रसादाची भांडी घासण्यात असतात. मोबाइल लावून देऊ नये. खाऊ आणल्यास सतरंजी झाडून जावे. ही व्यवस्था तूर्त एक महिना चालवून पाहावयाची आहे; गैरसोय झाल्यास वा सुधारणा सुचवावयाची असल्यास कार्यालयातील वहीत सायंआरतीनंतर लिहून ठेवावे.