देवदाराच्या रोपाचा पहिला उन्हाळा

मराठी मध्यमवर्गीय घरात देवदार शिरला तो खोक्याच्या रूपाने. आंब्याची पेटी रिकामी झाली की तिच्या फळ्यांचे काय काय होत असे! कुणाकडे चपला ठेवायची मांडणी, कुणाकडे मुलींच्या बाहुल्यांचे घर, आणि काहीच सुचले नाही तर बंबात सरपण. त्या पिवळट, हलक्या फळीला आपण बिनदिक्कत ‘देवदारी’ म्हणत आलो. ती पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या झाडाची असे, पण चौकशी कोण करतो?

खऱ्या देवदाराची माझी ओळख पुस्तकातली. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात सिंह दिलीप राजाला एक देवदार दाखवतो. शंकराने तो मुलगा मानलेला आहे आणि पार्वतीने सोन्याच्या घड्यांनी पाणी घालून त्याला वाढवले आहे. एकदा वर्गात ओघाने ही गोष्ट निघाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हिमालयात एवढे बर्फ असताना त्या झाडाला घड्याने पाणी कशाला घालावे लागले?”

प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि टीकाकारांच्या कक्षेतलाही नव्हता. मी तो आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी मला आर. एस. ट्रूप यांच्या ग्रंथाकडे पाठवले. आपल्या देशातली झाडे बियांतून कशी उगवतात, रोपे कशाने दगावतात, याचे हे तीन खंडांचे काम १९२१ साली प्रसिद्ध झाले. एरवी व्याकरणाशिवाय जाड पुस्तक न उघडणारा मी, त्यात चांगलाच रमलो. पुढच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब शिमल्याला गेलो, तेव्हा मंडळी माल रोडवर लोकर पाहत असताना मी एका रोपवाटिकेच्या माळ्याला गाठले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आहे. देवदाराचा शंकू शरद ऋतूत झाडावरच सुटा होतो आणि पंख असलेले बी खाली पडते. हिवाळाभर ते बर्फाखाली निजते आणि बर्फ वितळू लागले की मार्च-एप्रिलात रुजते. काडीएवढ्या देठावर सुयांसारख्या पानांचे एक वर्तुळ, उलट्या उघडलेल्या छत्रीसारखे; एवढेच ते बाळ. बर्फाचे पाणी थोड्याच दिवसांत उतारावरून निघून जाते. पावसाळा तिथे पोचायला जूनची अखेर उजाडते. मध्ये दोन-अडीच महिने कोरडे ऊन आणि वळवाची एखादी सर. देवदाराचा जन्म म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर झालेला जन्म.

त्यातून बी कुठे पडले यावर नशीब ठरते. जुन्या वनात जमिनीवर वाळल्या सुयांची जाड गादी असते. बी तिच्यावर रुजते खरे, पण मे महिन्यात ती गादी पापडासारखी वाळते. तोवर रोपाचे मूळ खालच्या मातीत पोचले तर ठीक. गादीतच राहिले तर संपले. हिमालयातल्याच चीड वृक्षाने हे अधिक धूर्तपणे जमवले आहे. त्याचे बी उन्हाळ्यात पडते आणि पावसात रुजते, म्हणून मुळाला आधी ओली माती मिळते. पुढे वणव्याने शेंडा जळला, तर कोवळे चीड बुंध्यापासून पुन्हा फुटू शकते. देवदाराला ती सोय नाही.

पण रोप तहानेने मरते म्हणजे नेमके काय होते? झाडात पंप नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि ती वाफ खालचे पाणी वर ओढते; मुळापासून पानापर्यंत पाण्याची जणू अखंड तार ताणलेली असते. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी ही कल्पना १८९४ च्या सुमारास मांडली, तेव्हा पाण्याला असा ताण सोसेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. ताण मोजायचा कसा? १९६५ साली शोलँडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मार्ग काढला. अमेरिकेतल्या उंच डग्लस फरच्या शेंड्याची डहाळी त्यांनी चक्क बंदुकीने पाडली, पोलादी भांड्यात बंद केली आणि देठातून पाणी बाहेर डोकावेपर्यंत हवेचा दाब वाढवला. जेवढा दाब लागला, तेवढा झाडातला ताण. शास्त्रज्ञांना नेमबाज सोबत न्यावा लागतो हे मला तोवर ठाऊक नव्हते.

माती वाळली की हा ताण वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे तार तुटते. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. सूचिपर्णी झाडांच्या नळ्या केसाहून बारीक आणि काही मिलिमीटर लांबीच्या असतात. शेजारच्या नळीत जायच्या छिद्रांना निसर्गाने झाकणे बसवली आहेत. एकीत हवा शिरली की झाकण ओढले जाऊन दुसरी वाचते. देवदारात या झाकणाची कड झालरीसारखी कातरलेली असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या झालरीवरून त्याचे लाकूड ओळखता येते. म्हणजे आपल्या आंब्याच्या पेटीचा निकालही लागू शकतो!

तार तुटू नये म्हणून रोप आणखी एक गोष्ट करते: तोंड मिटते. सुयांवरची सूक्ष्म रंध्रे बंद होतात, आणि चीड-पाइनच्या कुळात ती फार लवकर बंद होतात. पाणी वाचते. पण त्याच रंध्रांतून हवेतला कार्बन आत येतो आणि त्याचीच साखर बनते. तोंड मिटले म्हणजे जेवणही थांबले. उघडे ठेवावे तर तहानेने मरण, मिटावे तर उपासमार! मोठ्या वृक्षापाशी खोडात पाणी आणि पिठूळ साठा असतो, खोल मुळे असतात. बँकेत काही शिल्लक असलेल्या गृहस्थासारखा तो दोन महिने काढतो. पहिल्या वर्षाच्या रोपाचे हातावर पोट. ते वाढ आवरते, असेल ती साखर मुळाकडे धाडते आणि पावसाची वाट पाहते. वाईट हे की यातले काही वरून दिसत नाही. सूचिपर्णी रोप मेल्यावरही कित्येक दिवस हिरवेच राहते.

उष्णतेने हे गणित बिघडते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बायोस्फिअर टू नावाचा काचेचा प्रचंड महाल आहे. तिथे पिनयॉन पाइनची झाडे लावून त्यांचे पाणी तोडले. काही झाडांभोवतीची हवा सुमारे चार अंशांनी अधिक गरम ठेवली. गरम हवेतली झाडे सुमारे २८ टक्के लवकर मेली. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पाणी सर्वांचेच तोडले होते, फरक होता तो चार अंशांचा.

आता पुन्हा हिमालयाकडे या. २०२४ च्या जानेवारीचे बहुतेक दिवस काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात कोरडे गेले; गुलमर्गच्या उघड्या उतारांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली. बर्फ कमी, उन्हाळा कडक, आणि देवदाराचे बी मात्र आपल्या जुन्या वेळापत्रकाप्रमाणे रुजणार. शेकडो वर्षांचे वृक्ष उभे असतात, प्रवासी त्यांच्याखाली फोटो काढतात, वन भरलेले वाटते. कोकणातल्या एखाद्या वाड्यात आजी-आजोबा असतात, अंगण झाडलेले असते, आणि पाळणा मात्र अडगळीत असतो, तसे काहीसे. मी शिमल्याच्या रानात मान खाली घालून बराच हिंडलो. एका जागी तासाभरात वीतभर उंचीची सातच रोपे सापडली. ती सगळी वाटेच्या खोदलेल्या कडेला, जिथे सुयांची गादी नव्हती.

रोपवाटिकेतला माळी मात्र बाळांना पाणी देण्याऐवजी त्यांचे पाणी तोडत होता. पावसाळा पंधरवड्यावर आला होता आणि रोपे डोंगरावर जायची होती. “रोज पाणी प्यायलेले रोप वर जाऊन रडते, मास्टरजी,” तो त्याच्या पहाडी हिंदीत म्हणाला. “आधी थोडी तहान शिकवावी लागते.” आमच्या सौभाग्यवतींना हे मुळीच पटले नाही. तीन वर्षांच्या लेकराला पाण्यावाचून ठेवायचे हा कुठला न्याय, असे त्यांनी त्याला सुनावले. तो हसला आणि म्हणाला, “बहनजी, पहिली दोन वर्षे मीच पाजले की!” मग त्याने एक पिशवी फाडून दाखवली. वरचे झाड माझ्या हाताएवढे होते; मूळ तळापर्यंत जाऊन वेटोळे घालू लागले होते. वेटोळ्यातले मूळ डोंगरात खाली जात नाही, म्हणून त्याने तेवढा भाग कात्रीने कापला, उरलेल्याला ओला गोणपाट गुंडाळला आणि ते रोप इतरांच्या रांगेत सावलीला नेऊन ठेवले.