दुपारी तीनला पूर्वज घरी येतात

मी येवल्याच्या विणकर घरातली. कुठल्याही गावात शिरले की आधी मागाचा आवाज शोधते. मेक्सिकोतल्या वाहाका शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये हे झापोटेक विणकरांचं गाव आहे. लोकरीच्या जाजमांसाठी ते जगभर ओळखलं जातं. तिथे मी १ नोव्हेंबरला पोचले, तर माग बंद.

"आज तीन वाजता आमची गेलेली माणसं घरी येतात," यजमानीणबाई म्हणाल्या, "उद्या तीनला परत जातात. तोवर माग कोण चालवणार?"

मृतांच्या या सणात शहरातून रंगलेले चेहरे आणि मिरवणुका दिसतात. इथे सगळं घरात चालतं. वेदीवर पूर्वजांचे फोटो, पाव, फळं, चॉकलेट, मेस्कालची बाटली आणि झेंडूचे ढीग. कोपाल नावाच्या धुपाचा धूर डोळ्यांत जातो. पाहुणा आला की आणलेला पाव आणि मेणबत्ती आधी वेदीवर ठेवतो, गेलेल्यांना नमस्कार करतो आणि मग घरच्यांशी बोलतो. हा क्रम मला फार भावला. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा याच देशातला, तिथून तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला.

एवढ्या पाहुण्यांचं जेवण एका घराला कसं झेपतं? उत्तर फडताळातल्या जुन्या वहीत होतं. गेलागेत्सा नावाची देवाणघेवाणीची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तुमच्या घरच्या कार्याला मी टर्की, मका, कोको देते. तुम्ही ते लिहून ठेवता आणि माझ्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करता, मग मध्ये कितीही वर्षं जावोत. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखंच हे, पण इथे मोजमाप काटेकोर असतं, टर्कीचं वजनसुद्धा लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी तीननंतर सगळे दफनभूमीत फुलं घेऊन गेले. सण सरला आणि माग पुन्हा सुरू झाले.

आमचा पैठणी विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, इथला उभ्याने पावड्या दाबतो. हा पावड्यांचा माग आणि मेंढ्या, दोन्ही सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आले. त्याआधी कमरेला बांधायच्या मागावर सुती कापड विणत. नक्षी मात्र त्याहून जुनी आहे. जवळच्या मित्लाच्या दगडी भिंतींवरची पायऱ्या-पायऱ्यांची वळणं जाजमावर उतरतात. पैठणीच्या पदरासारखाच इथेही रंगागणिक वेगळा बाणा, म्हणजे आडवा धागा, हाताने भरतात. पण लोकर जाड, म्हणून बाणा ठोकून ठोकून इतका घट्ट बसवतात की उभा ताणा दिसेनासा होतो.

लाल रंग येतो कोचिनीलपासून. फड्या निवडुंगावर वाढणारा हा इवला कीटक, वर पांढरी भुकटी. बाईंनी वाळलेले चार दाणे माझ्या तळहातावर ठेवून बोटाने चिरडले, गडद किरमिजी डाग पडला. लिंबू पिळलं तर तो शेंदरी झाला, खायचा सोडा टाकताच जांभळा. किलोभर रंगाला सुमारे दीड लाख कीटक लागतात. स्पॅनिश राजवटीत चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात याचीच होती. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले आणि तो धंदा बसला. आज काही घरांनी तो पुन्हा नेटाने धरला आहे. पिवळ्यासाठी ती झेंडूच्याच कुळातलं पेरिकोन वापरतात आणि निळ्यासाठी नीळ.

रासायनिक रंगाचं जाजमही इथे मिळतं आणि ते स्वस्त असतं. घेणाऱ्याने सरळ विचारावं. कोचिनीलचं हवं असेल तर घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे. मी लाल जाजमाचे सांगितले तेवढे पैसे दिले. बाईंनी ते मोजले आणि वही उघडली. शेजारणीच्या मुलीचं लग्न जानेवारीत होतं आणि बाईंकडून दोन टर्की देणं निघत होतं.