पाहणाऱ्याचे खाते

‘क्वांटम भौतिकी आज जे सांगते, ते आपल्या ऋषींनी कधीच सांगून ठेवले आहे’, हे वाक्य आपल्याकडे वारंवार कानी पडते. ऐकायला मलाही बरे वाटते. पण उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे एक खोड जडली आहे : दोन खात्यांची नावे सारखी दिसली, की आतल्या नोंदी ताडून पाहायच्या.

इथे सारखे दिसणारे नाव आहे ‘पाहणारा’. रूढ मांडणीनुसार, मोजेपर्यंत इलेक्ट्रॉनची जागा ठरलेली नसते. मोजताच एक निश्चित उत्तर मिळते. मग ‘मनच जग घडवते’ असे आपण म्हणून टाकतो. युजीन विग्नर या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये जाणिवेला असे स्थान देऊन पाहिले; पुढे त्यानेच ते मत सोडले. बहुतेक शास्त्रज्ञांच्या लेखी इथले ‘पाहणे’ म्हणजे यंत्राशी आलेला संबंध. खोलीत माणूस नसला तरी अडत नाही.

आता मुंडकोपनिषदातले दोन पक्षी आठवा. एकाच झाडावर बसलेले. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. या साक्षीच्या पाहण्याने काहीच बदलत नाही. एकीकडचे पाहणे ढवळणारे, दुसरीकडचे अलिप्त! श्रोडिंगर तर वेदान्ताचा चाहता. १९२५ मध्ये त्याने त्यावर लिहिले, १९२६ मध्ये त्याचे तरंग-समीकरण प्रसिद्ध झाले. पण समीकरणात त्याने आत्मा आणला नाही. दोन्ही खाती त्याने वेगळी ठेवली.

मग पाहण्याने माणसाचे काहीच बदलत नाही का? ज्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सावरलेले हे दुष्काळी गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची. माणसांचे आणि गुराढोरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, उसाला मज्जाव.

मोजल्याने विहिरीत बोटभरही पाणी वाढत नाही. बदलतो तो मोजणारा. ‘माझी विहीर’ म्हणणाऱ्याला जमिनीखालचे सगळ्यांचे पाणी दिसू लागते आणि हात आखडतो. यासाठी क्वांटमची साक्ष काढायला नको. उपनिषदातही, फळ खाण्यात गुंतलेला पक्षी दुसऱ्याकडे पाहतो, तेव्हाच त्याचा शोक सरतो.