नॅनोपासून ई-स्कूटरपर्यंत : आगींचा न ठेवलेला हिशेब

२००९ च्या जुलैत मुंबईत टाटाची पहिली नॅनो मोटार ग्राहकाच्या हाती पडली. ऑक्टोबर संपायच्या आत अहमदाबाद, लखनौ आणि दिल्ली या तीन शहरांतून नॅनोमधून धूर निघाल्याच्या बातम्या आल्या. दोष सापडला स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये. दिवे, इंडिकेटर आणि वायपर चालवणाऱ्या दांड्या जिथे एकत्र येतात, तिथेच शॉर्टसर्किट होत होते. पुढच्या मार्चमध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेतानाच पेटली, एप्रिलमध्ये वडोदऱ्याजवळ आणखी एक जळाली. मे महिन्यात टाटा मोटर्सने खुलासा केला, की गाडीच्या रचनेत दोष नाही. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे किंवा एक्झॉस्टवर राहिलेली परकी वस्तू अशी त्या त्या गाडीपुरती कारणे आहेत. नोव्हेंबरमध्ये मात्र त्याच कंपनीने सगळ्या नॅनोंच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केले, आणि हा रिकॉल नव्हे असेही बजावले. त्या महिन्यात देशभरात ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कर्ज मिळण्यातल्या अडचणींचाही त्यात वाटा होता. पण चार माणसांच्या कुटुंबाला स्कूटरवरून उतरवून सुरक्षित बसवण्यासाठी जी गाडी जन्माला आली, तिच्यात मुलांना बसवावे की नाही, असा प्रश्न लोकांना पडला होता.

गेल्या दीड दशकाकडे मागे वळून पाहताना माझ्या मते खरा दोष एखाद्या स्विचमध्ये किंवा बॅटरीत शोधून भागणार नाही. प्रत्येक आग एकटी मानण्याच्या आपल्या पद्धतीत तो आहे. गाडी पेटते, अग्निशमन दलाचा बंब येतो, पोलिसांत आकस्मिक जळीत म्हणून नोंद होते, कारणापुढे ‘शॉर्टसर्किट’ लिहिले जाते, विम्याचा सर्व्हेअर येऊन जातो आणि सांगाडा भंगारात निघतो. याच मॉडेलची दुसरी गाडी आठशे किलोमीटरवर त्याच जागी पेटली होती का, हे विचारणे यांपैकी कोणाच्याच कामात बसत नाही. मग उत्पादकाला प्रत्येक वेळी ही सुटी घटना आहे असे म्हणता येते, आणि ते खोडून काढायला कोणाकडे कागद नसतो.

कागद जमवला तर काय दिसते, याचा दाखला अमेरिकेत आहे. फोर्डच्या मोटारी इंजिन बंद असताना, किल्ली काढलेली असताना, घराच्या गॅरेजमध्ये उभ्या उभ्या पेटत होत्या. तक्रारी तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे साठत गेल्या आणि माग लागला तो क्रूझ कंट्रोल बंद करणाऱ्या एका छोट्या स्विचचा. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइलचा दाब, दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा. वर्षानुवर्षे ब्रेक दाबून तो पडदा चिरायचा आणि ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचे. स्विचला बॅटरीचा पुरवठा चोवीस तास चालू असल्यामुळे गाडी बंद करून काही उपयोग नव्हता. १९९९ मध्ये काही मॉडेलांपुरता सुरू झालेला रिकॉल २००९ पर्यंत वाढत जवळपास दीड कोटी गाड्यांवर गेला. नोंदी असूनही दहा वर्षे लागली. कारण दर वेळी मॉडेल मोजले गेले, तो सुटा भाग मोजला गेला नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो, की आपल्याकडे मालकच गाडीशी खेळतात. त्यात तथ्य आहे. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा बसवताना मूळ वायर सोलून तिला दुसरी पिळली जाते आणि वरून टेप गुंडाळली जाते. असा जोड ढिला पडला, की त्यातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो. त्यामुळे फ्यूज उडत नाही, पण जोडापाशी उष्णता साठत राहते आणि वायरचे आवरण वितळते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगचेही तेच. तरीही हे कारण सरसकट पुढे करता येत नाही. शोरूममधून नुकत्याच निघालेल्या नॅनोत मालकाने स्वतः काय जोडले असेल? बाहेरचे काही आलेच असेल, तर ते गाडी त्याच्या ताब्यात येण्याआधी. आणि जोडकामानेच आगी लागतात असे कंपन्यांचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करायलाही हिशेबच हवा. कोणत्या मॉडेलमध्ये जोडकाम केलेल्या किती गाड्या जळाल्या आणि न केलेल्या किती, हे माहीत असल्याशिवाय तो नुसता आरोप राहतो.

दुसरा आक्षेप : दोष कबूल केला की ग्राहक पळतो. अनुभव वेगळा आहे. मारुतीने २०१४ मध्ये इंधन भरण्याच्या नळीसाठी १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या, २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४. तोवर पाणी साचलेल्या रस्त्यांवरून जाऊ नका, असेही मालकांना सांगितले. मारुतीचा पहिला क्रमांक त्याने गेला नाही. रिकॉल हा शब्द टाळणारी नॅनो मात्र सावरली नाही.

२०२२ चा उन्हाळा आला तेव्हा यातले काहीच आपल्या कामी आले नाही. २६ मार्चला पुण्यात लोहगावला ओलाची विजेवरची स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली, एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून निघालेल्या जितेंद्र ईव्हीच्या स्कूटर जळाल्या, जूनमध्ये वसईत नेक्सॉन ईव्ही. ओलाने पुण्याची घटना प्राथमिक पाहणीत सुटीच ठरवली, आणि तरी त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. ओकिनावा या दुसऱ्या स्कूटर कंपनीने ३,२१५ मागवल्या. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, मग विजेच्या गाड्यांचाच गवगवा का, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या गवगव्यामुळेच तपास डीआरडीओच्या प्रयोगशाळेकडे गेला आणि डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे नियम कडक झाले. पेट्रोलच्या गाडीची आग इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यासाठी कोणी प्रयोगशाळेचे दार ठोठावत नाही.

कायदा आता आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या ११०-अ कलमाने सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो, आणि एप्रिल २०२१ पासून १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र त्यातली मुख्य वाट मालकांच्या तक्रारींच्या प्रमाणावर बेतलेली आहे, आणि आगीला हे माप लागू पडत नाही. हजारात पाच गाड्यांचा वायपर बिघडला तर ती किरकोळ गोष्ट, हजारात पाच पेटल्या तर तो अनर्थ. टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात. त्याच कलमात चाचणी संस्थेच्या किंवा अन्य स्रोताच्या माहितीवरून पाऊल उचलण्याचीही मुभा आहे. आगीसाठी हीच वाट वापरायला हवी. पंचनाम्यात चासी क्रमांक, उत्पादनाचा महिना, इंजिन चालू होते की बंद, आणि ज्वाळा प्रथम कुठे दिसल्या, एवढ्या चार गोष्टी सक्तीच्या करून त्या सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर चढवता येतील. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या इंजिन बंद असताना पेटल्या, तर तिसरीची वाट न पाहता चौकशी सुरू व्हावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत विमा कंपनीने जळालेला सांगाडा भंगारात विकू नये.